हसलं की दिसतात त्या रेघा

ऑफिसच्या लिफ्टमधला आरसा हा जगातला सगळ्यात खडूस आरसा असतो. डोक्यावर पांढराफटक लाइट, समोर तुम्ही, आणि अकरावा मजला येईपर्यंत बघायला दुसरं काहीच नाही. घरच्या आरशात फ्रेश दिसणारा चेहरा इथे अचानक डायरेक्ट सीनिअर मॅनेजर वाटायला लागतो. मग तुम्ही जरा पुढे झुकता, एक डोळा बारीक करता आणि ती दिसते! डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून कानाकडे निघालेली बारीकशी रेघ. नीट बघितलं तर एक नाही, तीन आहेत. आणि वय वर्षं फक्त २८.

पुढचा सीन सगळ्यांचा सेम टू सेम. लंच टाइममध्ये मोबाइलवर गुपचूप सर्च, संध्याकाळपर्यंत जाहिरातींचा मागे ससेमिरा, आणि रात्री अकरा वाजता कार्टमध्ये १५ मिलीची एक इवलीशी बाटली. नाव ‘आय क्रीम’. किंमत बघितली की लोकलचा तीन महिन्यांचा पास आठवतो. आणि हे फक्त मुलींचं चालतं असं समजू नका. मुलगेही यात मागे नाहीत, फक्त ते कोणाला सांगत नाहीत.

तर मंडळी, ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी दोन मिनिटं थांबा. एक छोटीशी टेस्ट करू या. एकदम फुकट!

शांत चेहरा, हसरा चेहरा

दिवसाउजेडी खिडकीजवळ आरसा घेऊन उभे राहा. चेहरा अगदी निर्विकार ठेवा, बॉस मीटिंगमध्ये पीजे मारतो तेव्हा ठेवता ना, तसा. डोळ्यांच्या कडेला रेघा दिसतात? आता मनापासून हसा. आता दिसतात?

फक्त हसतानाच दिसत असतील, तर ते काम स्नायूचं आहे. चेहरा शांत असतानाही तिथेच मुक्काम ठोकून असतील, तर त्वचेचीच पुंजी कमी व्हायला लागली आहे. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. बाटलीवर मात्र दोघांसाठी एकच शब्द छापलेला असतो, ‘अँटी-रिंकल’. आपले पैसे वाया जातात ते नेमके इथे.

आधी स्नायूचं बघू. डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो, ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय. नाव भारदस्त, पण काम साधं. पापणी मिटायची, उन्हात डोळे किलकिले करायचे आणि हसताना गाल वर उचलायला मदत करायची. हा स्नायू आकसला की वरच्या त्वचेला चुण्या पडतात, शर्टाची बाही वर सारल्यावर पडतात अगदी तशा. त्यात आपल्या पापण्यांची त्वचा शरीरात सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. शिवाय या भागात तेलग्रंथीही कमी. म्हणजे घडी पडायला अगदी आदर्श जागा.

तरुणपणी या घडीचं काही बिघडत नाही. त्वचेत कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाची प्रथिनं असतात, ती त्वचेला पुन्हा जागेवर आणतात. नव्या पायजम्याचं इलॅस्टिक कसं ताणून सोडलं की चटकन मागे येतं, तसं. इलॅस्टिक जुनं झालं की काय होतं ते वेगळं सांगायला नको! तीच घडी रोज हजार वेळा पडते आणि एक दिवस मोकळी व्हायचं विसरते. हसतानाची रेघ कायमची होते ती अशी.

इलॅस्टिक कोण खराब करतं?

वय करतं, हे खरंच. पण वयापेक्षाही डॅंबिस एक जण आहे, आणि तो रोज सकाळी आपल्या खिडकीत येतो. ऊन!

२०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. हा माणूस २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवायचा. चेहऱ्याची उजवी बाजू त्याच्या वयाला साजेशी, आणि डावी बाजू जाड, लोंबलेली, सुरकुत्यांचं जाळं झालेली. चेहरा एकच, पण दोन वेगळ्या माणसांचा वाटावा असा. कारण सोपं होतं. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे खिडकीही डावीकडे. काचेने त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण बरेचसे अडवले, पण खोलवर जाऊन कोलॅजेन कुरतडणारे यूव्हीए किरण आत येतच राहिले. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या गालाची काळजी करायची, एवढाच फरक.

आता आपला रोजचा प्रवास आठवा. एसी बस किंवा कॅबमध्ये खिडकीची सीट मिळाली की आपण खूश. ऑफिसात मोठ्ठ्या काचेशेजारचं डेस्क मिळालं की अजून खूश. आणि पुण्याच्या मुलींचं तर काय सांगावं! स्कूटीवर बसताना स्कार्फ असा काही बांधतात की नाक, तोंड, कान, केस, सगळं कडेकोट बंदोबस्तात. उघडे फक्त डोळे. म्हणजे चेहऱ्यावरची सगळ्यात नाजूक जागा तेवढी उन्हात! वर समोरून ऊन आणि धूळ आली की डोळे किलकिले करायचे. ऊन आणि स्नायू, दोन्हींचा मारा एकाच कोपऱ्यावर.

‘पण आपली स्किन इंडियन आहे, आपल्याला काही होत नाही,’ असं म्हणणाराही एक जण ग्रुपमध्ये असतोच. त्याचं अर्धं बरोबर आहे. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण तेच मेलॅनिन डोळ्यांभोवती काळसरपणा लवकर आणतं. आपल्यापैकी कित्येकांना जे ‘वय दिसायला लागलं’ असं वाटतं, ती सुरकुती नसते, तो हा काळसरपणा असतो. त्यावर सुरकुत्यांचं क्रीम चोपडून काय होणार?

उन्हानंतर नंबर लागतो चार वाजताच्या टपरीचा. चहा झकास, पण सोबतचा सुट्टा नाही. सिगारेट कोलॅजेनची वाट लावते, त्वचेचा रक्तपुरवठा कमी करते, आणि धूर डोळ्यात जाऊ नये म्हणून आपण दर झुरक्याला डोळे बारीक करतो. इथेही दुहेरी मारच.

बाटलीत असतं तरी काय?

आता त्या इवल्याशा बाटलीकडे वळू. बहुतेक आय क्रीम्समध्ये मुख्य काम करतात ते ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक अॅसिडसारखे घटक. ते त्वचेत पाणी धरून ठेवतात. कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या बारीक रेघा त्यामुळे भरल्यासारख्या वाटतात आणि चेहरा तजेलदार दिसतो. हे खोटं नाही, फक्त तात्पुरतं आहे. सकाळी चेहरा धुतला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि हेच काम बिनवासाचं साधं मॉइश्चरायझरही करतं.

जरा हिशेब करू या. समजा, १५ मिलीचं आय क्रीम १५०० रुपयांना आहे, म्हणजे एक मिली पडलं १०० रुपयांना. ५० मिलीचं मॉइश्चरायझर ३०० रुपयांना असेल, तर एक मिली ६ रुपयांना. फरकाच्या ९४ रुपयांत डबी छोटी मिळते आणि नाव मोठं मिळतं.

मग खरोखर काम करणारं काहीच नाही का? आहे ना! व्हिटॅमिन एच्या घराण्यातली औषधं, म्हणजे रेटिनॉइड्स. याची गोष्ट मजेदार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६९ साली ट्रेटिनॉइन हे औषध मुरुमांसाठी वापरून दाखवलं. मुरुमांवर उपचार घेणाऱ्या जरा मोठ्या वयाच्या बायका सांगायला लागल्या की, डॉक्टर, त्वचा मऊ झाली, रेघाही कमी वाटतात. १९८६ साली क्लिगमन यांनी उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरच्या परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज सुरकुत्यांवर लावायच्या औषधांमध्ये सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो याच घराण्याचा.

पण हे प्रकरण जपून हाताळायचं. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. रेटिनॉल हा त्याचा सौम्य भाऊ क्रीममध्ये मिळतो. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं, तेही रात्री, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. पापणीवर लावायचं नाही, डोळ्याभोवतीचं हाड बोटाला लागतं त्याच्या बाहेरच थांबायचं. सुरुवातीला त्वचा लाल होते, पापुद्रे सुटतात. घाईघाईत जास्त लावलं तर आपल्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आणि नवीन लग्न झालेल्यांनो, हे नीट वाचा. प्रेग्नन्सीत किंवा प्रेग्नन्सीचं प्लॅनिंग चालू असताना रेटिनॉइड्स नकोत, म्हणजे नकोच.

मेडिकलवाल्याची जादुई ट्यूब

आता थोडं सिरीयस. माझ्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं, तेव्हा कोणीतरी तिला एक ट्यूब सुचवली. ‘डोळ्यांखाली लाव, काळेपणाही जातो आणि रेघाही.’ दुकानात चिठ्ठी न मागता मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा असा काही उजळला की आम्ही सगळ्या नाव विचारायला लागलो. चार महिन्यांनी तीच त्वचा लालभडक झाली, आग व्हायला लागली, उन्हात उभं राहवेना. ट्यूब बंद केली की त्रास दुप्पट. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. आत स्टेरॉइड होतं. त्वचा पूर्वपदावर यायला बरेच महिने गेले आणि लग्नाच्या अल्बममध्ये मेकअपचा जाड थर कायमचा राहिला.

स्टेरॉइडची मलमं काही आजारांवर उत्तम औषध आहेत, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी आणि तेवढेच दिवस. डोळ्यांजवळ महिनोन्‌महिने लावली तर आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतिबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. एका रेघेसाठी डोळा पणाला लावायचा का, याचा विचार करा. २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती उगीच नाही. तेव्हा ट्यूब उलटी करून वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, यातलं एक जरी नाव दिसलं तरी स्वतःच्या मनाने लावू नका. आणि आधीच बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद करण्यापेक्षा सरळ डॉक्टर गाठा.

आणि बोटॉक्स?

हसतानाच्या रेघांपर्यंत कुठलंही क्रीम पोचत नाही, कारण काम स्नायूचं असतं. तिथे चालतं ते बोटॉक्स. गंमत म्हणजे हे औषध ब्यूटीवाल्यांनी शोधलेलंच नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणावर वापरायला सुरुवात केली आणि अमेरिकेत त्याला १९८९ साली परवानगी मिळाली ती डोळ्यांच्या आजारांसाठी. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॅरदर्स दांपत्याच्या हे लक्षात आलं की, इंजेक्शन घेतलेल्या पेशंटच्या कपाळावरच्या आठ्याही गायब होतात. बायको डोळ्यांची डॉक्टर, नवरा त्वचेचा डॉक्टर, मग काय! १९९२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. अमेरिकेत २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी आणि २०१३ मध्ये डोळ्यांच्या कडेच्या रेघांसाठी परवानगी आली.

नसेकडून स्नायूला जाणारा ‘आकस’ हा निरोप बोटॉक्स अडवतं. स्नायू सैल पडतो, घडी पडत नाही. असर साधारण तीन ते चार महिने. घ्यायचंच असेल तर पार्लरमधल्या डिस्काउंट ऑफरला भुलू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा आणि बिनधास्त विचारा. कंपनी कुठली? किती युनिट्स? बाटली माझ्यासमोर उघडणार ना? दोन्ही डोळ्यांच्या कडा मिळून २४ युनिट्स हा अमेरिकेत मंजूर झालेला डोस आहे. सुई टोचलेल्या जागी काळंनिळं होऊ शकतं, क्वचित पापणी काही आठवडे खाली येते. आणि इथेही प्रेग्नन्सीत नाही.

आजकाल पंचविशीतल्यांनाही ‘रेघा पडायच्या आधीच घ्या’ असं सांगून हे विकलं जातं. घेणं न घेणं तुमच्या मर्जीचा प्रश्न. पण असर टिकवायचा तर वर्षातून तीन-चार वेळा जावं लागतं. म्हणजे हा असा ईएमआय आहे ज्याची मुदतच संपत नाही. फर्स्ट सॅलरीवर उचलण्याआधी विचार करा! शांत चेहऱ्यावरच्या खोल रेघांसाठी लेसर आणि पील असतात, पण सावळ्या त्वचेवर त्यांनी डाग पडण्याची भीती जास्त. त्यामुळे तिथेही अनुभवी डॉक्टरच हवा.

मग सोमवारपासून काय?

फंडा सोपा आहे. आधी स्वस्त, मग महाग.

सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पीएपुढे किमान तीन प्लस. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं. वाटाण्याएवढं इथे चालत नाही! डोळे चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइडवालं घ्या. काळसरपणा असेल तर टिंट असलेलं बरं. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांना घेऊन साडेचार वर्षं एक प्रयोग चालला होता, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या हाताच्या त्वचेवर, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वय दिसलं. एवढा भक्कम पुरावा असलेलं आय क्रीम मला तरी अजून भेटलेलं नाही.

गॉगल. स्टाइलचं सोडा, यूव्ही ४०० लिहिलंय का ते बघा. किरण अडतात आणि डोळे किलकिले करावे लागत नाहीत. स्कार्फवाल्या मुलींनो, हे खास तुमच्यासाठी.

चष्म्याचा नंबर. स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत असाल तर प्रॉब्लेम त्वचेचा नाही, नंबरचा असू शकतो. तपासून घ्या.

काजळ. रात्री खसाखसा पुसू नका. कापसाला थोडं खोबरेल तेल लावून बंद पापणीवर क्षणभर ठेवा, मग अलगद पुसा. डोळे चोळायची सवय असेल तर तीही सोडा. खाज अॅलर्जीची असेल तर औषध मिळतं.

मॉइश्चरायझर. रोज रात्री, साधं, बिनवासाचं. हे सगळं तीन महिने नेमाने झालं आणि तरीही हवंसं वाटलं, तर मग रेटिनॉइडसाठी डॉक्टरांची अपॉइंटमेंट. खर्चाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, बघा!

एक शेवटची गोष्ट. १८६२ साली द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने विजेचे हलके झटके देऊन चेहऱ्याचे स्नायू एकेक करून हलवून बघितले. त्याचं म्हणणं असं की, ओठ तुम्ही ठरवून हसवू शकता, पण डोळ्याभोवतीचा तो गोल स्नायू खऱ्या आनंदातच नीट आकसतो. म्हणून डोळ्यांपर्यंत पोचलेल्या हसण्याला आजही ‘द्यूशेन स्माइल’ म्हणतात. काही पक्के नटसम्राट ते ठरवूनही करू शकतात, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. पण आपल्यासारख्यांचं क्लायंटसमोरचं हसू आणि कट्ट्यावरचं हसू यातला फरक कडेच्या या रेघाच सांगतात.

फोनमधला ब्यूटी फिल्टर नेमक्या त्याच रेघा पुसतो. त्यामुळे फोटोत त्वचा काचेसारखी दिसते आणि हसू मात्र पासपोर्ट ऑफिसातलं वाटतं. स्थळाला पाठवायचा फोटो असो की ऑफिसच्या प्रोफाइलचा, एकदा फिल्टर काढून बघा. आईला विचारा दोन्हींतला कुठला आवडला. उत्तर काय आलं ते मला नक्की कळवा, पुढच्या आठवड्यात भेटतोच आहोत. तोपर्यंत गॉगल लावा आणि पोटभर हसा!